एक्सेलमधली मराठी नावं डेटाबेसमध्ये गेल्यावर ???? का होतात, आणि न होण्यासाठी नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पतसंस्थेची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे, १४ हजारांच्या आसपास ओळी, नावं आणि पत्ते मराठीत. ती सीएसव्ही (कॉमाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) करून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाकली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून दुसऱ्या पद्धतीने टाकली तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे येनचं चिन्ह, असला कचरा आला. आणि गंमत म्हणजे त्यातल्या काही ओळी पीएचपीच्या जुन्या स्क्रीनवर चक्क बरोबर दिसतात. आता टेबलमध्ये सगळं मिसळलंय, तर दुरुस्त कसं करायचं आणि पुढच्या वेळी काय करायचं.

आधी एक विचारतो, मूळ एक्सेल फाइल शाबूत आहे ना? असेल तर निम्मं टेन्शन सोडा. तिची एक कॉपी रीड-ओन्ली करून बाजूला ठेवा आणि काहीही झालं तरी तिला हात लावू नका. कारण एक्सएलएसएक्स ही मुळात झिप फाइल असते, नाव बदलून डॉट झिप करा आणि उघडून बघा, आत एक्सएमएल फाइली दिसतील, शेअर्ड स्ट्रिंग्ज नावाच्या फाइलमध्ये तुमची सगळी नावं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, सुखरूप पडलेली असतात. म्हणजे एक्सेलमध्ये एन्कोडिंगचा, अक्षरं कुठल्या बाइटने लिहायची याचा, प्रॉब्लेम नसतोच. डेटाबेसमध्येही सहसा नसतो. घाण होते ती मधल्या वाटेवर, आणि त्या वाटेवर दोनच ठिकाणी, एक सीएसव्ही बनताना आणि दुसरं कनेक्शनवर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीवर. लोक मात्र दिवस दिवस कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम, बदलत बसतात.

आता सीएसव्हीचं बघू. एक्सेलमध्ये सेव्ह ॲज केलं की यादीत दोन सीएसव्ही दिसतात, एक साधी कॉमा डिलिमिटेड आणि एक सीएसव्ही यूटीएफ-८. साधी निवडली की एक्सेल विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये लिहितं, आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ते १२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांचं. त्यात देवनागरीला जागाच नाही. आणि कुणी म्हणेल की विंडोजची भाषा मराठी करून बघू, तर त्यानेही काही होत नाही, कारण मायक्रोसॉफ्टने मराठी-हिंदीला असं जुनं कोडपेज कधी दिलंच नाही, या भाषा विंडोजमध्ये आल्या त्याच युनिकोडवर. मग एक्सेल काय करतं तर प्रत्येक न बसणाऱ्या अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतं आणि पुढे जातं. ज्ञानेश्वर या नावात तुम्हाला चार अक्षरं दिसतात पण कॉम्प्युटरच्या हिशोबात ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे १० कोड आहेत, म्हणून तिथे १० प्रश्नचिन्हं येतात. ही खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत, त्यांच्यामागे काही लपलेलं नाही, कुठल्याही टूलने ती परत नावं होत नाहीत. त्या ओळी मूळ फाइलमधूनच परत घ्याव्या लागतात, तिथे वेळ घालवू नका.

सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय एक्सेल २०१६ पासून मिळतो. त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर युनिकोड टेक्स्ट म्हणून सेव्ह करता येतं पण ती फाइल यूटीएफ-१६ आणि टॅबवाली असते, आणि मायएसक्यूएलचं लोड डेटा यूटीएफ-१६ फाइल वाचतच नाही, त्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडून परत यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करावी लागते. त्यापेक्षा लिब्रेऑफिस कॅल्क वापरा, फुकट आहे आणि या बाबतीत एक्सेलपेक्षा शहाणं आहे. सीएसव्ही सेव्ह करताना ते सरळ विचारतं की कॅरॅक्टर सेट कुठला, सेपरेटर कुठला, टेक्स्टला अवतरणचिन्हं लावू का, आणि सेलमधला मजकूर जसा दिसतोय तसा लिहू का जसा आहे तसा. हा शेवटचा प्रश्न एक्सेल विचारत नाही. एक्सेल दिसतंय तेच सीएसव्हीत लिहितं, त्यामुळे १२ आकडी आधार नंबर जनरल फॉरमॅटमध्ये असेल तर १.२३ई+११ असा काहीतरी बाहेर येतो, आणि बँकेचा खातेनंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा असेल आणि नंबर म्हणून टाइप केलेला असेल तर तो एक्सेलमध्येच गेलेला असतो, शेवटचे आकडे शून्य होतात. हे एन्कोडिंग नाही पण सभासद यादीत हमखास असतं म्हणून सांगितलं.

सीएसव्ही यूटीएफ-८ केल्यावर एक्सेल फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट जास्तीचे चिकटवतं, त्याला बॉम म्हणतात. त्याचा फायदा असा की डबल क्लिक केल्यावर एक्सेलला कळतं ही यूटीएफ-८ आहे. तोटा असा की मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) दोघांचे लोडर तो काढत नाहीत. पहिली ओळ हेडिंगची असेल आणि तुम्ही ती वगळत असाल तर बॉम तिच्याबरोबरच जातो, काही त्रास नाही. हेडिंग नसेल तर तो पहिल्या सभासदाच्या नंबराला चिकटतो, आणि मग १ हा आकडा दिसत असूनही डेटाबेस म्हणतो हा आकडा नाही. हा एरर बघून भलेभले चक्रावतात. म्हणून हेडिंग ठेवाच.

आणि सीएसव्ही एकदा बनली की ती परत एक्सेलमध्ये उघडून बघायचा मोह टाळा. गूगल शीटमधून आलेल्या फाइलला बॉम नसतो, डबल क्लिक केलं की एक्सेल तिला १२५२ समजून वाचतं, स्क्रीनवर कचरा दिसतो, आणि कुणीतरी तो तसाच एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करून मेल करतं. बघायचंच असेल तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये बघा, खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंग लिहिलेलं असतं. एक्सेलच हवं असेल तर डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ निवडा, ६५००१ म्हणजे यूटीएफ-८.

आता मायएसक्यूएल. टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये बनवा. जुनं नुसतं यूटीएफ८ म्हणजे मायएसक्यूएलमध्ये तीन बाइटपर्यंतचं अर्धवट यूटीएफ-८ असतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असल्याने मराठी त्यात बसते, खोटं कशाला बोलू, पण शेऱ्याच्या कॉलममध्ये कुणी इमोजी टाकला की अडलं. आवृत्ती ८ पासून डिफॉल्टच एमबी४ आहे, त्याआधी लॅटिन१ होतं, म्हणजे मायएसक्यूएलमधलं १२५२, आणि जुन्या होस्टिंगवर बनवलेली टेबलं अजूनही लॅटिन१ वर चालू असतात.

लोड करताना बहुतेक जण सेट नेम्स यूटीएफ८एमबी४ ही कनेक्शनचं एन्कोडिंग सांगणारी कमांड लिहून निर्धास्त होतात. इथे फसायला होतं, कारण लोड डेटा सेट नेम्सकडे बघतच नाही. फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे हे ते डेटाबेसच्या डिफॉल्ट कॅरॅक्टर सेटवरून ठरवतं. डेटाबेस लॅटिन१ आणि टेबल यूटीएफ८एमबी४ असं कॉम्बिनेशन असेल, आणि जुन्या सर्व्हरवर ते असतंच, तर फाइल चोख असूनही आत कचरा जातो. तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात बहुधा हेच झालंय. म्हणून कमांडमध्येच सांगायचं. मी इथे सगळं मराठीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करा: लोड डेटा लोकल इनफाइल, मग फाइलचं नाव, इनटू टेबल सभासद_कच्चे, लगेच कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४, मग फील्ड्स टर्मिनेटेड बाय कॉमा, ऑप्शनली एन्क्लोज्ड बाय दुहेरी अवतरणचिन्ह, एस्केप्ड बाय रिकामं, लाइन्स टर्मिनेटेड बाय विंडोजची ओळ म्हणजे बॅकस्लॅश आर बॅकस्लॅश एन, आणि शेवटी इग्नोर १ लाइन्स. आवृत्ती ८ मध्ये लोकल इनफाइल बंद असतं, ते सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे चालू करावं लागतं.

ऑप्शनली एन्क्लोज्ड का, तर आपल्या पत्त्यांमध्ये मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. तमुक असे कॉमाच कॉमा असतात, एक्सेल अशा सेलला अवतरणचिन्हात घालतं. एस्केप्ड बाय रिकामं का, तर एक्सेल बॅकस्लॅशला काही विशेष मानत नाही पण मायएसक्यूएल मानतं, आणि कुणी सर्व्हे नंबर ४५\२ असा उलट्या रेघेने टाइप केला असेल तर ती रेघ गुपचूप गायब होऊन ४५२ होतो. जमिनीच्या बाबतीत ४५/२ आणि ४५२ मध्ये काय फरक आहे ते पतसंस्थेला सांगायला नको.

टेबलचं नाव मुद्दाम सभासद_कच्चे लिहिलं. पहिलं लोडिंग कधीही मूळ टेबलमध्ये करू नका, सगळे कॉलम टेक्स्ट ठेवलेल्या कच्च्या टेबलमध्ये करा, तिथे तपासा, मग पुढे सरकवा.

पण मला विचाराल तर १४ हजार ओळींसाठी सीएसव्हीच्या भानगडीत पडूच नका. पायथनमध्ये पांडाज आणि ओपनपायएक्सएल या लायब्ररींनी एक्सएलएसएक्स थेट वाचा, वाचताना सगळे कॉलम स्ट्रिंग म्हणून घ्या, आणि कनेक्शनला कॅरसेट यूटीएफ८एमबी४ देऊन थेट टेबलमध्ये लिहा. मधली फाइलच नाही म्हटल्यावर ती बिघडायचा प्रश्न नाही. ओडीबीसीने, म्हणजे डेटाबेसला जोडायच्या ड्रायव्हरने, करणार असाल तर मायएसक्यूएलचे दोन ड्रायव्हर इन्स्टॉल होतात, एक युनिकोड आणि एक अँसी म्हणजे जुन्या कोडपेजवाला, त्यातला युनिकोड घ्या. यादीत अँसीवाला वर दिसतो म्हणून लोक तो निवडतात.

आता तुमचं मिसळलेलं टेबल. इथे एकच नियम, स्क्रीनवर काय दिसतं त्यावर विश्वास नाही. पीएचपीच्या जुन्या स्क्रीनवर बरोबर दिसणाऱ्या ओळी या बहुतेक सर्वांत बिघडलेल्या आहेत. होतं असं की कनेक्शन लॅटिन१ वर असतं, पीएचपी यूटीएफ-८ चे बाइट पाठवतं, मायएसक्यूएलला वाटतं हे लॅटिन१ आहे, ते त्याचं परत यूटीएफ-८ करून ठेवतं, आणि वाचताना त्याच लॅटिन१ कनेक्शनवरून उलटा प्रवास होतो. दोन चुका एकमेकींना काटतात आणि स्क्रीनवर मराठी दिसते. कनेक्शन नीट केलं त्या दिवशी सगळा जुना डेटा कचरा दिसायला लागतो आणि ज्याने नीट केलं त्यालाच शिव्या पडतात. उलटही होतं, डेटा आत ठणठणीत असतो पण लॅटिन१ कनेक्शनवरून वाचल्याने प्रश्नचिन्हं दिसतात.

म्हणून हेक्स बघायचं, म्हणजे आत पडलेले बाइट जसेच्या तसे सोळाच्या पाढ्यातल्या आकड्यांत, एका बाइटला दोन चिन्हं. सिलेक्ट नाव, हेक्स नाव, कॅरॅक्टर लेंग्थ नाव, एवढी क्वेरी चालवा. शिंदे हे नाव घेऊ, त्यात श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा असे ५ कोड आहेत. आतलं सगळं ठीक असेल तर हेक्स ई०ए४बी६ ने सुरू होतं, एकूण १५ बाइट आणि कॅरॅक्टर लेंग्थ ५. दोनदा एन्कोड झालं असेल तर हेक्स सी३ए०सी२ए४ ने सुरू होतं आणि कॅरॅक्टर लेंग्थ १५ येते. आणि ३एफ३एफ३एफ असं दिसलं तर ती खरी प्रश्नचिन्हं, ओळ गेली. या तीन तपासण्यांनी तुमच्या १४ हजार ओळींचे तीन गठ्ठे पडतील.

पहिल्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. तिसरा मूळ फाइलमधून परत भरायचा. दुसऱ्यासाठी उलटी क्वेरी आहे: नाव आधी कन्व्हर्ट करा यूझिंग लॅटिन१, ते कास्ट करा ॲज बायनरी, आणि ते परत कन्व्हर्ट करा यूझिंग यूटीएफ८एमबी४, हे एकात एक घालून अपडेट करायचं. पण व्हेअरमध्ये हेक्स नाव लाइक सी३ए०सी२ए४ टक्का ही अट न विसरता घाला. कारण हीच क्वेरी चांगल्या ओळीवर चालली तर लॅटिन१ मध्ये देवनागरी बसत नाही म्हणून तिची तिथल्या तिथे प्रश्नचिन्हं होतात. चालू सर्व्हरवर व्हेअर न लावता हे करणारे लोक आहेत. आधी टेबलची कॉपी, मग सिलेक्टने बघणं, मग अपडेट, या क्रमाने जा. आणि कॉलमच लॅटिन१ असेल आणि त्यात यूटीएफ-८ चे बाइट पडलेले असतील तर केस वेगळी, तिथे आल्टर टेबल कन्व्हर्ट टू करायचं नाही, आधी कॉलम व्हारबायनरी करायचा आणि मग व्हारकॅर यूटीएफ८एमबी४, म्हणजे बाइट न बदलता फक्त पाटी बदलते.

आता एक बारकावा सांगतो जो मराठीला विशेष जाचतो. तुमच्या कचऱ्यात त्या रेघवाल्या इंग्रजी ए नंतर कधी येन असतो तर कधी चार काट्यांचं गोल चिन्ह. ते गोल चिन्ह म्हणजे ए४ बाइट, त्यात बहुतेक सगळे स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी येतात. येन म्हणजे ए५, त्यात दुसरी वेलांटी, मात्रा, उकार, हलन्त. तिसऱ्या बाइटवरून अक्षर ठरतं. आता १२५२ कोडपेजमध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत, तिथे कुठलंच चिन्ह नाही. आणि योगायोग असा वाईट की ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट ८१ आहे आणि हलन्ताचा ८डी. मराठी ए या स्वराचा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे कुलकर्णी या एका नावात दोन अदृश्य बाइट आहेत.

मायएसक्यूएल त्याच्या लॅटिन१ मध्ये या पाच जागा तशाच सांभाळतं, त्यामुळे वरची उलटी क्वेरी चालते. पायथनच्या सीपी१२५२ ने तीच दुरुस्ती करायला गेलात तर पहिल्याच जोडाक्षराला एरर येतो, आणि मग कुणीतरी एरर इग्नोर करा असं सुचवतं आणि नावांमधले सगळे हलन्त उडतात. पायथनच वापरायचं असेल तर एफटीएफवाय नावाची लायब्ररी घ्या, तिच्यात या पाच जागा सांभाळणारं ढिलं १२५२ दिलेलं आहे. हलन्त एकदा उडाले की मागे ई० ए५ एवढेच दोन बाइट लोंबकळत राहतात, आणि तिथे हलन्त होता का उकार हे मशीनला सांगता येत नाही, माणसाला वाचून ठरवावं लागतं. पोस्टग्रेसवाल्यांना विंडोजवर बाइट ८डी विन१२५२ मध्ये आहे आणि त्याला यूटीएफ-८ मध्ये जोड नाही असा एरर दिसतो तो याच हलन्तामुळे, तिथे क्लायंट एन्कोडिंग यूटीएफ-८ करा की संपलं. मला पोस्टग्रेस याचसाठी आवडतं, ते गुपचूप गिळत नाही, तोंडावर सांगतं.

याच जातीची आणखी दोन अक्षरं आहेत. ठ चा तिसरा बाइट ए०, १२५२ मध्ये त्याचा अर्थ न तुटणारी स्पेस. भ चा एडी, म्हणजे अदृश्य हायफन. एक्सेलमध्ये वेबवरून आलेली न दिसणारी स्पेस काढायला कॅरॅक्टर १६० ला सबस्टिट्यूट करायचा जो सर्रास फॉर्म्युला आहे तो कचरा झालेल्या शीटवर चालवला की सगळे ठोंबरे कायमचे जातात, आणि अदृश्य हायफन साफ करणारं टूल चालवलं की भोसले. बाकीची यादी दुरुस्त होते आणि ठ-भ वाल्यांचीच नावं चौकोनी प्रश्नचिन्ह घेऊन राहतात. त्यामुळे कचरा दिसला की साफसफाई करू नका. ट्रिम नाही, क्लीन नाही, फाइंड रिप्लेस नाही. आधी बाइट दुरुस्त, मग स्वच्छता.

तुमच्या यादीत २००५-०७ च्या सुमाराची जुनी नोंद असेल तर आणखी एक भूत असू शकतं. सेल सिलेक्ट करून फॉन्ट कॅलिब्री किंवा एरियल करून बघा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड आहे. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर तो श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आहे, आत खरोखरच इंग्रजी कोड आहेत आणि फक्त फॉन्टने त्यांना मराठी चेहरा दिलाय. याला एन्कोडिंगचा कुठलाही उपाय लागू नाही, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर चालवून युनिकोड करावं लागतं. तेही कॉलम निवडून, कारण पूर्ण शीटवर चालवलं तर पॅन नंबर आणि ईमेलचंही मराठी करून ठेवतो. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टचे लेआउट वेगळे असतात, म्हणून सेलमध्ये दिसणारं फॉन्टचं पूर्ण नाव बघून कन्व्हर्टर निवडा आणि र्‍हस्व-दीर्घ, रफार, जोडाक्षरं असलेली काही नावं हाताने तपासा.

आत्ता वर मी ऱ्हस्व हा शब्द दोनदा लिहिलाय आणि दोन्ही वेळा वेगळ्या कोडने लिहिलाय, तुम्हाला फरक दिसणार नाही. तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, कोड ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मागे झिरो विड्थ जॉइनर, कोड २००डी. कुठला येतो ते कीबोर्डवर अवलंबून. दोन क्लार्कनी दोन कीबोर्डवर टाइप केलं की कऱ्हाड हे गाव दोन होतं, गोऱ्हे आडनावाचे सभासद दोन गटांत पडतात, ग्रुप बायला वेगळे, एक्सेलच्या व्हीलुकअपला सापडत नाहीत. नॉर्मलायझेशन म्हणजे एनएफसी (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एका ठरावीक रूपात आणणं) केलं तर र अधिक नुक्ता म्हणजे खालचं टिंब मिळून ऱ होतो, ते करावंच, पण जॉइनरवाला प्रकार एनएफसीला कळत नाही, तो स्वतः बदलावा लागतो: ०९३०, ०९४डी, २००डी हे तीन सापडले की त्या जागी ०९३१, ०९४डी. ॲडव्होकेटच्या ॲड. चंही तसंच, ॲ हा स्वतंत्र कोड ०९७२ आहे, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीचे आणि काही कीबोर्ड आजही अ वर चंद्र देऊन लिहितात. हेही एनएफसीने एक होत नाही.

याच्या उलट गोष्ट कोलेशनमध्ये होते. मायएसक्यूएल ८ चं डिफॉल्ट कोलेशन नुक्ता आणि जॉइनर दोन्हीकडे दुर्लक्ष करतं, म्हणजे शोधताना सगळे प्रकार सापडतात, ते सोयीचं आहे. पण त्याला आचार्यांना आणि आचाऱ्यांना हेही एकच वाटतात. शोधायला चालेल, युनिक कीला चालणार नाही, तिथे यूटीएफ८एमबी४_बिन लावा. मराठी वर्णक्रमाचं खास कोलेशन मायएसक्यूएलमध्ये नाही, पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मिळतं.

आकड्यांचंही बघून घ्या. कुणी सभासद क्रमांक १२३ असा मराठी आकड्यात टाइप केला असेल तर डेटाबेसच्या लेखी तो आकडा नाही, इंट कॉलममध्ये टाकला तर एरर येतो, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर एररही न येता शून्य पडतं. कच्च्या टेबलमध्येच दहा रिप्लेस करून इंग्रजी आकडे करून घ्या.

कॉलमची लांबी मायएसक्यूएल-पोस्टग्रेसमध्ये कोडच्या हिशोबात असते, व्हारकॅर ५० मध्ये ५० कोड. ओरॅकलमध्ये डिफॉल्ट बाइटचा हिशोब असतो, तिथे ५० म्हणजे जेमतेम १६ कोड, ज्ञानेश्वर एवढ्यानेच ३० बाइट खाल्ले, आडनाव बाहेर. एसक्यूएल सर्व्हर असेल तर एनव्हारकॅर कॉलम आणि स्ट्रिंगच्या आधी कॅपिटल एन, तो विसरला की परत प्रश्नचिन्हं.

सगळं झाल्यावर तपासणी कशी करायची, तर नुसत्या ओळी मोजून उपयोग नाही, बिघडलेल्या ओळीही मोजल्या जातात. एक्सेलमध्ये नावाच्या पूर्ण कॉलमवर समप्रॉडक्ट आणि त्यात लेन लावा, सगळ्या नावांच्या लांबीची बेरीज येईल. डेटाबेसमध्ये सम आणि त्यात कॅरॅक्टर लेंग्थ. देवनागरीचा एक कोड दोन्हीकडे एकच मोजला जातो, त्यामुळे हे दोन आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. डेटाबेसचा आकडा तिपटीच्या आसपास आला तर सगळं दोनदा एन्कोड झालंय, थोडाच जास्त आला तर काही ओळी झाल्यात, कमी आला तर काहीतरी कापलं गेलंय. फक्त प्रश्नचिन्हं या बेरजेत पकडली जात नाहीत, एका कोडला एक प्रश्नचिन्ह पडत असल्याने लांबी तीच राहते, म्हणून नावात प्रश्नचिन्ह असलेल्या ओळी लाइकने वेगळ्या मोजा. हे आधी एनएफसी आणि जॉइनर बदलायच्या अगोदर करा, कारण त्यानंतर लांबी खरोखरच कमी होते. पत्त्याच्या कॉलमवरही हीच बेरीज लावा, तिथे ऑल्ट एंटर मारलेल्या सेलमुळे एखाद-दुसरा फरक पडला तर तेवढ्या ओळी काढून बघा, बाकीच्या सरकवायला हरकत नाही.